ए फॉर आर्डव्हार्क

तुमच्याकडेही ती वही असणार. पहिल्या पानावर झोकात 'व्होकॅब्युलरी' लिहिलेलं, खाली तारीख, दोन रंगांच्या पेनांनी आखलेले रकाने. शब्द, अर्थ, वाक्यात उपयोग. रोज दहा शब्द म्हणजे वर्षाला साडेतीन हजार, हा हिशेबही मांडून झालेला. स्पर्धा परीक्षांच्या शब्दयाद्यांमध्ये अगदी सुरुवातीलाच 'अबॅन्डन' भेटतो. अर्थ, सोडून देणं. पुढच्या आठवड्यात आपण नेमकं तेच करतो. माझ्याकडे अशा तीन वह्या आहेत आणि तिन्हींत मिळून 'बी' एकदाही आलेला नाही.

आजची गोष्ट 'झेड'पर्यंत गेलेल्या माणसाची आहे. त्याने शब्दांची यादी केली नाही, अख्खी डिक्शनरीच हाताने उतरवून काढली. तीसुद्धा तुरुंगात बसून. तुम्ही त्याला टी-शर्टवर, पोस्टरवर पाहिलं असेल. काळ्या जाड काड्यांचा चष्मा, एक बोट कानशिलाला टेकवलेलं, नजर विचारात. माल्कम एक्स.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढलेला तडफदार वक्ता, एवढं आपल्याला माहीत असतं. एखाद्याने डेन्झेल वॉशिंग्टनचा १९९२ चा सिनेमाही पाहिलेला असतो. पण हा माणूस आठवीनंतर शाळेत गेला नव्हता आणि विसाव्या वर्षी घरफोडीच्या गुन्ह्यात आत गेला होता, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. मग तो बोलायला शिकला कुठे?

सुरुवात घरापासून करू. १९ मे १९२५ रोजी नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात तो जन्मला, तेव्हा त्याचं नाव होतं माल्कम लिटल. वडील अर्ल हे बाप्टिस्ट धर्मोपदेशक आणि मार्कस गार्वीच्या चळवळीतले कार्यकर्ते. आई लुईझ मूळची कॅरिबियन बेटांपैकी ग्रेनाडाची, शिकलेली, वाचणारी. थोरला भाऊ विल्फ्रेड याने पुढे एक आठवण सांगितली आहे. मुलं वाचायला बसली की आई टेबलावर डिक्शनरी ठेवायची. कुणी शब्दाचा उच्चार चुकवला की तो शब्द शोधायचा, त्याचं स्पेलिंग पाहायचं आणि नीट म्हणून दाखवायचं. हे टेबल लक्षात ठेवा, आपण शेवटी तिथे परत येणार आहोत.

हे घर टिकलं नाही. १९२९ मध्ये मिशिगनमधल्या लॅन्सिंगजवळचं त्यांचं राहतं घर जाळलं गेलं. १९३१ मध्ये वडील ट्रामखाली सापडून गेले. तो अपघात नव्हता, गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांनी त्यांना मारलं, असं घरच्यांना कायम वाटत राहिलं. मंदीचा काळ, पदरात एवढी मुलं, रोज येऊन चौकश्या करणारे सरकारी लोक. आई खचत गेली आणि १९३९ च्या सुरुवातीला तिला कॅलमझूच्या मनोरुग्णालयात दाखल केलं गेलं. मुलं वेगवेगळ्या घरांत वाटली गेली.

तरीही माल्कम शाळेत चमकत होता. वर्गात बाकी सगळी मुलं गोरी, आणि सातवीत हा वर्गाचा अध्यक्ष. आठवीत एका शिक्षकाने त्याला विचारलं, पुढे काय व्हायचंय? माल्कम म्हणाला, वकील. शिक्षकांनी त्याला प्रेमानेच समजावलं की तुझ्यासारख्याने असली स्वप्नं बघू नयेत, तुझे हात चांगले चालतात, तू सुतार हो. त्याच्याहून कमी मार्कांच्या गोऱ्या मुलांना मात्र हेच शिक्षक उत्तेजन देत होते. ते कोणता विषय शिकवत होते माहितीये? इंग्रजी.

माल्कमचं शाळेतलं मन तिथेच उडालं. १९४१ मध्ये तो बोस्टनला सावत्र बहिणीकडे, एलाकडे गेला आणि तिथून पुढे न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये. बूटपॉलिश, रेल्वेतली नोकरी, मग जुगार, गांजाची विक्री, चोऱ्या. ही वर्षं सिनेमात झगमगीत दिसतात, म्हणून मी त्यांवरून भरभर पुढे जातेय. आपल्या विषयापुरतं एवढंच, की या काळात त्याच्याकडे शब्द नव्हते असं समजू नका. रस्त्यावरची इंग्रजी त्याच्याइतकी कुणाला येत नव्हती. गिऱ्हाईक पटवायचं, पोलिसाला गुंडाळायचं, नाक्यावरच्या टोळीला हसवायचं, सगळं तोंडावर. ती भाषा त्या रस्त्यापुरती पुरत होती.

फेब्रुवारी १९४६ मध्ये त्याला आठ ते दहा वर्षांची शिक्षा झाली. वय वीस. बोस्टनमधला चार्ल्सटाउनचा तुरुंग १८०५ साली बांधलेला. कोठडीत नळ नाही, संडास म्हणून एक झाकणाची बादली. तिथे माल्कम इतक्या शिव्या द्यायचा, देवाधर्माला इतकं बोलायचं, की बाकीच्या कैद्यांनी त्याचं नाव सैतान ठेवलं. त्या वेळची त्याची 'व्होकॅब' ही अशी होती.

त्याच तुरुंगात बिंबी नावाने ओळखला जाणारा एक वयस्क कैदी होता. तो शिवी न देता बोलायचा आणि तो बोलायला लागला की कैदीच काय, पहारेकरीसुद्धा ऐकत थांबायचे. त्याच्याकडे पैसा नव्हता, टोळी नव्हती, दंडात ताकद नव्हती. नुसत्या बोलण्यावर एखाद्याला इतका मान मिळतो, हे माल्कमने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. बिंबीने त्याला सरळ सांगितलं, तुझ्याकडे डोकं आहे, ते वापर. तुरुंगातलं वाचनालय आहे, पत्राने शिकायचे कोर्स आहेत. मग माल्कमने इंग्रजीचा कोर्स घेतला, लॅटिनचाही घेतला.

१९४८ मध्ये एलाच्या खटपटीने त्याची बदली नॉरफोकच्या तुरुंगात झाली. हा सुधारणेचा प्रयोग म्हणून उभारलेला तुरुंग होता. बाहेर भिंत, पण खोल्यांना गज नाहीत. बाहेरून प्राध्यापक शिकवायला येत, वादविवाद होत, आणि मुख्य म्हणजे पार्कहर्स्ट नावाच्या एका धनिकाने दिलेला प्रचंड ग्रंथसंग्रह तिथे होता.

इथे त्याला पहिल्यांदा काहीतरी सांगायचं होतं. भावंडांच्या पत्रांतून त्याला 'नेशन ऑफ इस्लाम' या काळ्या मुस्लिमांच्या संघटनेची ओळख झाली होती आणि तिचे प्रमुख एलायजा मोहम्मद यांना पत्र लिहायचं होतं. एकच पान. ते त्याला निदान पंचवीस वेळा लिहावं लागलं. अक्षर इतकं वाईट, की त्याचं त्यालाच वाचता येईना. ओळ सरळ जाईना. मनात विचारांची गर्दी, आणि कागदावर शब्द येईनात. एलायजा मोहम्मद यांचं उत्तर आलं, सोबत पाच डॉलरची नोट. मग माल्कम रस्त्यावरच्या जुन्या दोस्तांना लिहायला लागला, बोस्टनच्या महापौरांना, राज्याच्या गव्हर्नरांना, अगदी अध्यक्ष ट्रूमन यांनाही. कुणाचंच उत्तर नाही. आपलं अक्षर आणि भाषा बघून लोकांनी आपल्याला वेड्यात काढलं असणार, असं त्याला वाटलं.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. आपण नवे इंग्रजी शब्द का शिकतो? इंटरव्ह्यूसाठी, प्रवेशपरीक्षेसाठी, मराठी मीडियममधून आलोय हे कळू नये म्हणून. (शेवटचं कारण मी एकदा गटचर्चेत 'प्लेथोरा' हा शब्द चुकीच्या जागी घालून पार पाडलं आहे. त्यावर कुणी काही बोललं नाही, हे जास्त लागलं.) म्हणजे आधी आपण शब्द गोळा करतो आणि मग तो घालायला जागा शोधतो. माल्कमचं उलटं होतं. सांगायचं ते घशाशी आलं होतं आणि शब्द नव्हता.

पुस्तक उघडलं तरी तेच. एकेका वाक्यात इतके अनोळखी शब्द, की ते सोडून वाचलं तर पुस्तकात काय आहे याचा पत्ताच लागत नसे. शेवटी त्याने तुरुंगातल्या शाळेकडून एक डिक्शनरी, कागदाची पॅडं आणि पेन्सिली मागून घेतल्या. दोन दिवस तो नुसती पानं उलटत बसला. इतके शब्द जगात असतात हेच त्याला माहीत नव्हतं. यातले आपल्याला कोणते लागतील? कळेना. मग कुठूनतरी सुरुवात करायची म्हणून त्याने पहिलं पान उतरवायला घेतलं. हळूहळू, वेड्यावाकड्या अक्षरात, पानावर छापलेलं सगळं, अगदी स्वल्पविराम आणि टिंबंसुद्धा. एका पानाला बहुधा एक दिवस गेला.

मग त्याने ते पान स्वतःला मोठ्याने वाचून दाखवलं. परत परत. दुसऱ्या दिवशी उठला तो तेच शब्द डोक्यात घेऊन. इतकं सगळं आपण एका बैठकीत लिहिलं याचाच त्याला अभिमान वाटत होता. ज्यांचा अर्थ आठवेना ते शब्द त्याने पुन्हा पाहिले. आणि गंमत म्हणजे त्या पहिल्या पानावरचा एक शब्द त्याला जन्मभर आठवत राहिला, आर्डव्हार्क. लांब शेपटी, लांब कान, बिळं खणून वाळवी खाणारा आफ्रिकेतला प्राणी. डिक्शनरीत त्याचं चित्र होतं. बोस्टनच्या घरफोड्याला या प्राण्याचा उपयोग काय? शून्य. तरी तो शब्द चिकटला.

दुसरं पान. तिसरं पान. प्रत्येक पानावर फक्त शब्द नव्हते, माणसं होती, गावं होती, लढाया होत्या. 'ए' संपला तेव्हा एक अख्खं पॅड भरलं होतं. मग 'बी'. पुढे हात बसला आणि वेग वाढला. अशी ती सगळी डिक्शनरी उतरली, असं त्याने आत्मकथनात सांगितलंय. ती नक्कल आणि इतर पत्रं धरून तुरुंगात आपण दहाएक लाख शब्द लिहिले असावेत, असा त्याचा अंदाज होता.

सिनेमात हा भाग वेगळा आहे. तिथे बेन्स नावाचा एक कैदी माल्कमला डिक्शनरीतल्या 'ब्लॅक' आणि 'व्हाइट' या शब्दांचे अर्थ दाखवतो आणि त्याचे डोळे उघडतात. प्रसंग जबरदस्त आहे, पण बेन्स हे पात्र सिनेमासाठी रचलेलं आहे. आत्मकथनात असा कुणी गुरू शेजारी बसत नाही. एकटा माणूस आणि पेन्सिल. मला तेच जास्त पटतं. आणखी एक गोष्ट. आत्मकथनात माल्कम स्वतःला जेवढा अडाणी दाखवतो, तेवढा तो नव्हता. वर्गाचा अध्यक्ष झालेला मुलगा अक्षरशत्रू नसतो. आपण किती खोल खड्ड्यातून वर आलो हे सांगताना माणूस खड्डा जरा जास्तच खणतो. त्याच्या चरित्रकारांनी हे दाखवून दिलंय.

आणि म्हणून आज संध्याकाळी डिक्शनरी उतरवायला बसा, असं मी म्हणणार नाही. नुसती नक्कल करून शब्द राहत नाहीत, हे शाळेत प्रत्येक चुकीचा शब्द दहा वेळा लिहिलेल्या कुणालाही विचारा. माल्कमचे शब्द राहिले, कारण सकाळी उतरवलेला शब्द त्याला पुढे पुस्तकात दिसत होता आणि पत्रात लागत होता.

कारण आता पुस्तकं उघडायला लागली होती. विल ड्युरांटचा संस्कृतींचा इतिहास, एच. जी. वेल्सचा जगाचा इतिहास, डब्ल्यू. ई. बी. दु बॉइस, कार्टर वुडसन. गुलामगिरीबद्दल मिळेल ते. गांधीजींनी इंग्रजांना हिंदुस्थानातून घालवण्यासाठी दिलेल्या लढ्याबद्दलही त्याने तिथेच वाचलं. रात्री दहाला दिवे जायचे. त्याच्या दाराबाहेर बोळात एक दिवा होता, त्याचा मंद उजेड खोलीत यायचा. त्या उजेडात जमिनीवर बसून तो वाचत राहायचा. तासातासाने पहारेकरी फेरी मारत. पावलं वाजली की हा टुणकन पलंगावर, डोळे मिटून. ते गेले की पुन्हा खाली. पहाटे तीन-चारपर्यंत हे चालायचं. पोस्टरवरचा तो चष्मा या रात्रींनी दिलेला आहे.

नॉरफोकमध्येच तो वादविवादात उतरला. विषय कोणताही असो, सक्तीचं लष्करी शिक्षण असो की शेक्सपिअरची नाटकं खरंच कुणी लिहिली हा प्रश्न असो, गाडी तो वर्णभेदावर आणून सोडायचा.

ऑगस्ट १९५२ मध्ये तो सुटला आणि पहिला शब्द त्याने बदलला तो स्वतःच्या नावातला. 'लिटल' हे आडनाव कुठल्यातरी गोऱ्या मालकाने आपल्या गुलाम पूर्वजांवर मारलेला शिक्का आहे, आफ्रिकेतलं खरं आडनाव कायमचं पुसलं गेलंय, म्हणून त्या जागी 'एक्स'. 'नेशन'मध्ये तशी पद्धतच होती. गणितात न सापडलेल्या संख्येला आपण एक्स म्हणतो, तसा.

पुढची बारा वर्षं तो बोलत राहिला. हार्लेमच्या चौकात, विद्यापीठांत, टीव्हीवर. आणि त्याची भाषणं ऐकलीत तर एक गोष्ट तुम्हाला चकित करेल. अख्खी डिक्शनरी पचवलेला हा माणूस अवघड शब्द जवळजवळ वापरतच नाही. त्याच्या १९६४ च्या सगळ्यात गाजलेल्या भाषणाचं शीर्षक बघा, 'द बॅलट ऑर द बुलेट'. मत किंवा गोळी. पाचवीतल्या मुलाला कळतील असे दोन शब्द.

मग डिक्शनरी गेली कुठे? ती गेली शब्दांची झडती घेण्यात. तेव्हा काळ्या लोकांसाठी 'निग्रो' हा शब्द सभ्य मानला जात होता. माल्कम त्याआधी न चुकता 'तथाकथित' लावायचा. हे नाव आम्ही घेतलेलं नाही, तुम्ही दिलेलं आहे, हे त्या एका विशेषणात यायचं. सगळी चळवळ 'सिव्हिल राइट्स' म्हणत असताना १९६४ मध्ये तो म्हणू लागला, आपण 'ह्यूमन राइट्स' म्हणू. फरक फक्त एका शब्दाचा. पण नागरी हक्क हा अमेरिकेचा घरचा मामला ठरतो, दाद तिथल्याच न्यायालयात मागायची. मानवी हक्क म्हटलं की प्रश्न संयुक्त राष्ट्रांत नेता येतो, जगापुढे अमेरिकेला उभं करता येतं. शब्द बदलला की न्यायाधीश बदलतो, हे त्याने हेरलं होतं.

याच माणसाने कित्येक वर्षं सगळ्या गोऱ्यांना सरसकट सैतान म्हटलं, हेही सांगायला हवं. ज्याला स्वतःला तुरुंगात सैतान म्हणत होते, त्याने. डिक्शनरी पाठ असली म्हणून शब्द जपून वापरले जातातच असं नाही. मार्च १९६४ मध्ये तो 'नेशन'मधून बाहेर पडला, एप्रिलमध्ये हजला गेला, तिथे गोऱ्या कातडीच्या मुस्लिमांसोबत एका ताटात जेवला आणि तिथूनच पत्रं लिहून त्याने आपलं म्हणणं बदललं. जाहीरपणे. हे मला त्याच्या सगळ्या भाषणांपेक्षा अवघड वाटतं.

३ डिसेंबर १९६४. ऑक्सफर्ड युनियन. इंग्रजी भाषेची सगळ्यात नामांकित डिक्शनरी जिथून निघते त्या गावात, बो टाय घातलेल्या विद्यार्थ्यांसमोर आठवी पास माल्कम उभा होता. बीबीसीचे कॅमेरे लावलेले. वादाचा विषय होता, स्वातंत्र्यासाठी टोकाला जाणं हा दुर्गुण आहे का? त्याने काँगोचा दाखला काढला. तिथे विमानांतून खेड्यांवर बॉम्ब पडतायत, बायकामुलं मरतायत, आणि वर्तमानपत्रं वैमानिकांची ओळख करून देताना लिहितात, अमेरिकेत प्रशिक्षण घेतलेले, कॅस्ट्रोविरोधी. ही विशेषणं पुढे जोडली की वाचणाऱ्याला ते आपलेच वाटतात आणि बॉम्ब विसरले जातात, असा त्याचा मुद्दा. मी पत्रकारिता शिकतेय. बातमीतलं विशेषण कसं वाचायचं हे मला वर्गात सांगितलं गेलं होतं, पण कळलं ते या भाषणात. यूट्यूबवर आहे, जरूर बघा. शेवटी मतदान झालं आणि माल्कमची बाजू हरली.

त्यानंतर तीन महिनेही उरले नव्हते. २१ फेब्रुवारी १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या ऑडुबॉन बॉलरूममध्ये तो बोलायला उभा राहिला आणि त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. वय ३९. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात त्याला मानणाऱ्या तरुणांनी 'ब्लॅक पँथर' पक्ष काढला. त्यापासून प्रेरणा घेऊन १९७२ मध्ये मुंबईत 'दलित पँथर' उभी राहिली, आणि तिच्यातल्या नामदेव ढसाळांनी मराठी कवितेत कोणते शब्द येऊ शकतात याची यादीच बदलून टाकली.

माल्कमचं आत्मकथन तो गेल्यानंतर, १९६५ मध्येच प्रसिद्ध झालं. ते ॲलेक्स हेली या पत्रकाराने त्याच्याशी बोलून लिहिलं. या मुलाखती १९६३ मध्ये सुरू झाल्या तेव्हा माल्कम स्वतःबद्दल काही सांगायलाच तयार नव्हता. हेलीच्या लक्षात आलं, की बोलता बोलता हा हाताला येईल त्या कागदावर काहीबाही खरडत असतो. मग तो मुद्दाम कॉफीसोबत पेपर नॅपकिन ठेवायला लागला आणि माल्कम गेला की ते जपून ठेवायला लागला. मनातलं तोंडावर येत नव्हतं, पण कागदावर उतरत होतं. पंधरा वर्षांनीही हात थांबला नव्हता.

एका रात्री दमून आलेल्या माल्कमला हेलीने सहज विचारलं, तुमच्या आईबद्दल काही सांगाल? माल्कम येरझाऱ्या घालायला लागला. मग बोलायला लागला. तिचे विटलेले करडे कपडे, चुलीपाशी वाकून असेल तेवढ्या अन्नात सगळ्यांचं भागवायची तिची धडपड. तो पहाटेपर्यंत बोलत होता. त्या रात्रीतून पुस्तकाची पहिली प्रकरणं आली.

टेबलावर डिक्शनरी ठेवणारी लुईझ त्याच वर्षी, १९६३ मध्ये, चोवीस वर्षांनी कॅलमझूच्या रुग्णालयातून घरी आली.